डोंगराची राखण

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत मीही चार शब्द लिहावेत, असा अध्यक्षीणबाईंनी आग्रह धरला. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूलमूल सांभाळणारी बाई. दिवाळीच्या फराळावर लिही म्हटले असते तर एका बैठकीत लिहून दिले असते. पण गेल्या वर्षापासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तिचा उलगडा करण्यासाठी मी मिळेल ते वाचले, जाणत्या माणसांना विचारले. त्यातून जे हाती आले ते भगिनींपुढे व शेजाऱ्यांपाजाऱ्यांपुढे ठेवते. काही अधिकउणे झाले असल्यास पदरात घ्यावे.

ती गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊकच आहे. गेल्या वटपौर्णिमेला आपण ठरवले की बाजारातून वडाच्या तोडलेल्या फांद्या आणायच्या नाहीत, रोपेच लावायची. गावामागच्या माळावर आपण साठ रोपे लावली. फोटो निघाले, पेढे वाटले, भाषणे झाली. दिवाळीनंतर मोजली तेव्हा एकोणीस राहिली होती. होळीला गेलो तेव्हा अकरा! काही पाण्यावाचून वाळली, बाकीची शेळ्यांनी खाल्ली. मग आपण चौघीजणी तावातावाने वस्तीवरच्या शेळीवाल्या मावशींच्या दारात गेलो आणि त्यांना नको नको ते बोललो. त्यात माझाच आवाज सर्वांत मोठा होता, हे मी येथे कबूल करते. मावशी उलटून बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाई, माळ तुमी बंद केला, तर मी शेरडं कुठं सोडू?"

या प्रश्नाला आपल्यापैकी एकीजवळही उत्तर नव्हते. मी घरी आले, पण घास घशाखाली उतरेना. कारण हाच प्रश्न मी लहानपणी माझ्या आईच्या तोंडून ऐकला होता.

माझे माहेर सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. सासर येथे कोरेगाव तालुक्यात. तसे पाहिले तर दोन्ही एकाच घरचे. पूर्वी सातारा जिल्हा एकच होता. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. पण नावे बदलली म्हणून पाऊस थोडाच बदलतो! पश्चिमेला महाबळेश्वरला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेच ढग सह्याद्री ओलांडून माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत या भागांत येईपर्यंत रिकामे झालेले असतात. तेथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी पडेल तर पडेल. अशा प्रदेशात डोंगरावरचे झाड गेले की मातीही जाते, आणि माती गेली की माणूस पोटासाठी मुंबईची वाट धरतो. आमच्या गावातल्या कितीतरी घरी कर्ता पुरुष गिरणीत आणि बायको रानात, अशीच तऱ्हा होती.

आमच्या गावाच्या गायरानावर माझ्या आईच्या चार शेळ्या चरत. सरपणही तेथूनच येई. मी पाच-सहा वर्षांची असताना गावाने गायरानावर झाडे लावायचे ठरवले, आणि चराई बंद केली. ठरवणाऱ्या बैठकीत एकही बाई नव्हती. आईने शेळ्या विकल्या आणि मोळीसाठी ती दोन कोस लांब जाऊ लागली. ती म्हणे, "झाडं वाढू द्यात की, पन चूल कशानं पेटवू?" झाडे वाढली नाहीतच. रात्रीबेरात्री कोणी ना कोणी गुरे घालीच. चार वर्षांत माळ पुन्हा होता तसा झाला. आईच्या शेळ्या मात्र परत आल्या नाहीत. शेळी म्हणजे गरिबाच्या घरची पेढीच. पोर आजारी पडले की एक शेळी बाजारात जाते आणि पोर वाचते. आमच्या घरची ती पेढी बंद पडली. पुढे सातवीनंतर शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागे, त्याला पैसा नव्हता. माझे शिक्षण तेथेच संपले.

म्हणून मला जाणून घ्यावेसे वाटले, की आपल्या या दोन जिल्ह्यांत झाडे आणि गरीब माणूस यांचे भांडण आहे तरी किती जुने? आणि ते कोठे मिटले आहे का?

भांडण पुष्कळ जुने निघाले. इंग्रज सरकारने १८७८ साली जंगलाचा कायदा केला आणि गावोगावचे डोंगर सरकारी जंगलात जमा होऊ लागले. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव आपल्याच साताऱ्यातले, खटाव तालुक्यातले कटगुण. त्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. पूर्वी थोडक्या जमिनीचा शेतकरी जवळच्या रानावर दोनचार शेळ्याबकऱ्या पाळून कसेबसे पोट भरी, पण गायराने आणि डोंगर जंगल खात्यात घातल्यामुळे गरिबाच्या जनावरांना उभे राहायलाही जागा उरली नाही, अशी तक्रार त्यांनी त्यात मांडली आहे. हे मी वाचले तेव्हा अंगावर काटा आला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जोतीरावांनी जे लिहिले, तेच तर शेळीवाल्या मावशी मला म्हणाल्या होत्या!

पुढे १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. आपल्याकडे समुद्र नाही, पण जंगल होते. म्हणून आपल्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. शिराळा तालुक्यातल्या बिळाशी गावी त्या पावसाळ्यात लोकांनी सरकारी जंगलातला साग तोडून त्यावर तिरंगी निशाण चढवले. पोलिसांनी ते उतरवू नये म्हणून गाव त्याभोवती उभा राहिला, आणि त्यात बायाही मागे नव्हत्या. झाड तोडणे हे देशभक्तीचे काम कसे, असे आजच्या मुलांना वाटेल. पण त्यांचा राग झाडावर नव्हता. ज्या रानावर आपण पिढ्यान्पिढ्या जगलो, त्यात आपल्यालाच चोर ठरवले जाते, याचा तो राग होता.

स्वराज्य आले, पण डोंगर तसेच बोडके राहिले. पोटाची आग विझल्याशिवाय रानाची राखण होत नाही, आधी पोटोबा मग विठोबा, हे ओळखणारा एक माणूस मात्र सांगली जिल्ह्यातच निघाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे ते गृहस्थ. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्याच पुढाकाराने १९६५ साली तासगाव तालुक्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ पडला. आई तेव्हा नवी सून होती. खडी फोडायला, बांध घालायला, तलावाची माती वाहायला ती जाई. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि मुलांना मिळणारी सुकडी, यांच्या आठवणी ती शेवटपर्यंत सांगत असे. तिची दुसरी एक आठवण मला जास्त मोलाची वाटते. ती म्हणे, "पुरुषाला जेवढी मजुरी, तेवढीच मला. तवा पयल्यांदा माझ्या हातात माझा पैसा आला." याच कामांतून रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, अशी ती योजना. पुढे १९९० पासून शेतकऱ्याच्या रानात फळझाडे लावण्याचे कामही त्या योजनेला जोडले गेले. आटपाडीकडच्या डाळिंबांचे नाव आज सगळीकडे आहे. जेथे कुसळे उगवत होती तेथे फळबाग आली, कारण त्या झाडाने पोटाला दिले.

आता डोंगराची गोष्ट. श्रावणी सोमवारी माहेरच्या बाया सागरेश्वराला जात. देवराष्ट्रे गावाजवळचे ते जुने देवस्थान. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. मोठ्या देवळाभोवती लहान लहान देवळांचा मेळाच आहे तेथे. आई सांगे, की तिच्या तरुणपणी देवळामागचा डोंगर टकलासारखा उघडा होता. सावलीला बसायचे तर देवळाच्या भिंतीचाच आसरा. त्या डोंगरावर पुन्हा रान उभे करायचे, हा ध्यास वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला. लोकांना गोळा करून, सरकारला मागे लावून, वर्षानुवर्षे त्यांनी तो तडीस नेला. १९८५ साली सागरेश्वर हे अभयारण्य झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे, पण माणसांनी लावून उभे केलेले! सभोवती तारेचे कुंपण घालून त्यात सांबरे, चितळे, काळवीट सोडले. मी लग्नानंतर मुलांना घेऊन गेले तेव्हा वरून एका बाजूला गर्द झाडी आणि खाली कृष्णाकाठचे हिरवे मळे दिसत होते. आई म्हणाली, "ह्यो त्यो डोंगर न्हवंच!"

पण सगळे गोड गोड सांगितले तर तो इतिहास नव्हे. कुंपण आले म्हणजे गुरे चारणाऱ्याला बाहेर राहावे लागणारच. आणि हरणे वाढली की ती कुंपणाबाहेर येऊन उभ्या पिकाला तोंड लावणारच. आसपासच्या शेतकऱ्यांची ती तक्रार जुनी आहे. रान वाढल्याचा आनंद सगळ्या जिल्ह्याला झाला, पण त्याची किंमत पायथ्याच्या माणसाने मोजली. रान तर हवेच. मात्र ही किंमत कोण मोजतो, ते आधी पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

याचे उत्तर मला माहेरच्याच तालुक्यात सापडले. येरळा नदी आमच्याकडची. पावसाळा सोडला तर नुसती वाळू. ती वाळूही ठेकेदार ट्रक भरभरून नेत आणि विहिरी आटत. ऐंशीच्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडी या गावच्या लोकांनी ठरवले, की वाळू आपली आहे, थोडी आपणच विकू आणि त्या पैशात नदीवर धरण बांधू. मुक्ती संघर्ष चळवळ आणि डॉ. भारत पाटणकर यांची त्यांना साथ होती, के. आर. दाते या जाणत्या इंजिनिअरांचे मार्गदर्शन होते. पुण्यामुंबईची कॉलेजची मुले सुट्टीत येऊन पाट्या वाहत. मी तेव्हा लहान होते, पण 'शहरातली पोरं धरणावर आल्यात' एवढे बोलणे आठवते. लोकांनी धरणाला जोतीरावांच्या बळीराजाचे नाव दिले.

धरणे पुष्कळ झाली. या धरणाचे वेगळेपण पाण्याच्या वाटणीत आहे. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ही जगाची रीत. येथे मात्र प्रत्येक घराला सारखा वाटा ठरला, आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यालाही वाटा ठरला! सगळे पाणी पिऊन टाकणारा ऊस लावायचा नाही, असाही निर्धार झाला. भगिनींनो, ही गोष्ट वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले. माझ्या आईच्या गावातल्या बैठकीत असा एखादा माणूस असता, तर गायरानाचा गवताचा एक भारा तिच्या वाट्याला आला असता. मग आमच्या शेळ्या राहिल्या असत्या, आणि झाडेही राहिली असती; कारण ज्याला वाटा आहे तो चोरी करीत नाही, राखण करतो. त्याच बलवडीला संपतराव पवारांनी पुढे क्रांतिस्मृतिवन उभे केले. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात आपल्या गावांनी स्वतःचा कारभार स्वतः केला होता. त्या लढ्यातल्या माणसांच्या आठवणीसाठी तेथे झाडे लावली. पुतळ्याला सावली नसते, झाडाला असते.

नगरकडच्या हिवरे बाजारनेही हेच केले. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गाव उजाड होता. त्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान असे नियम गावाकडूनच ठरवून घेतले. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, पण गवत विळ्याने कापून न्यायला मोकळीक. जनावर दावणीला आणि गवत दारात. गवत वाढले तसे दूध वाढले, आणि मुंबईपुण्याला गेलेली कुटुंबे परत आली.

साता समुद्रापलीकडचेही एक उदाहरण सांगते, कारण ते बायांचेच आहे. आफ्रिकेतल्या केनिया देशात वांगारी माथाई नावाच्या बाईंनी १९७७ साली खेड्यातल्या बायांना घेऊन झाडे लावायला सुरुवात केली. रोप लावल्याबद्दल नव्हे, तर रोप जगले म्हणजे त्या बाईला थोडे पैसे मिळत. अशी कोट्यवधी झाडे उभी राहिली, आणि २००४ साली वांगारीबाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण मात्र रोप लावल्याच्या दिवशीच पेढे वाटून मोकळ्या झालो होतो!

फार लांब जायलाही नको. आपल्या साताऱ्यातल्या माणदेशात, म्हसवडला, १९९७ साली चेतना सिन्हा यांनी बायांची सहकारी बँक काढली. बायांना लिहितावाचता येत नाही म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. तेव्हा बायांनी जाऊन सांगितले, की आम्हाला अक्षर येत नसेल, पण व्याजाचा हिशेब विचारून पाहा! शेळी घेणाऱ्या बाईलाही त्या बँकेने कर्जाच्या लायकीचे मानले. शेळी ही शत्रू नव्हे, ती भांडवल आहे, हे त्या बायांना कळले होते. मला कळायला मात्र साठ रोपे वाळावी लागली.

आणि आपल्या शेजारचे वेळू तर सर्वांनी पाहिलेच आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा आपला कोरेगाव तालुका त्यात होता. पंचेचाळीस दिवस भर उन्हाळ्यात वेळूकरांनी डोंगरावर चर खणले, बांध घातले, आणि पन्नास लाखांचे पहिले बक्षीस मिळवले. २०१८ साली माणमधल्या टाकेवाडीने पहिला क्रमांक काढला. गाव करी ते राव न करी, हे उगाच नाही म्हटलेले. डोंगरावरचे पाणी अडले की खाली विहिरीला उतरते. पण चराच्या कडेला झाड आणि गवत नसेल, तर चार पावसाळ्यांत तो चर मातीने भरतो. तेथेही राखणीचाच प्रश्न येतो. श्रमदानाला सगळे येतात, बक्षिसाला तर येतातच. राखणीला कोण येतो? ज्याचे पोट त्या माळावर आहे, तोच येईल. दुसरे कोण येणार?

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी एके दिवशी सकाळी एकटीच शेळीवाल्या मावशींकडे गेले. आधी माफी मागितली. त्या अवघडल्या, म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो, चहा घ्या." मग चहा घेता घेता मी विचारले, "मावशी, तुम्ही असता तर काय लावलं असतं?" त्यांना जणू कोणी तरी विचारायचीच खोटी होती. त्या म्हणाल्या, "करंज लावा, सीताफळ लावा. शेळी त्याला तोंड लावत न्हाई. वड-पिंपळ लावायचा तर बाभळीची काटी भवती रोवा, नुसती दोरी बांधून काय व्हतंय? आन् शेवगा, हादगा कडंनं लावा, पाला मला व्हईल." आपण रोपे आणायला तालुक्याला गेलो, पण हे सारे ज्ञान चार घरे पलीकडे बसले होते. त्यांना आपल्या बैठकीला आपण बोलावलेच नव्हते. माझ्या आईलाही कोणी बोलावले नव्हते.

म्हणून या वर्धापनदिनाच्या सभेपुढे मी नम्रपणे चार सूचना ठेवते. सगळा माळ एकदम बंद करू नये. त्याचे चार भाग करावेत; एक भाग तीन वर्षे राखावा, बाकीचे चराईला मोकळे ठेवावेत, आणि पहिला भाग वर आला की दुसरा धरावा. राखलेल्या भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क वस्तीवरच्या शेळीवाल्या घरांना असावा, आणि तो मंडळाच्या वहीत नावानिशी लिहावा. आपल्या भिशीतून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी, आणि होळीला जेवढी रोपे जिवंत असतील तेवढ्यांची राखणावळ मावशींना व त्यांच्या सोबतिणींना द्यावी. आणि शेवटची सूचना म्हणजे, माळाविषयीच्या प्रत्येक बैठकीला त्यांना हळदीकुंकवासारखे सन्मानाने बोलवावे, व त्यांचे बोलणे आधी ऐकावे.

काही भगिनी म्हणतील, हा खर्च कशाला? आता घरोघरी गॅस आला, सरपण कोणाला हवे? पण सिलिंडर संपल्यावर दुसरा आणण्याइतका पैसा प्रत्येक घरी नसतो, हे आपण सर्व जाणतो. आणि खर्चाचे म्हणाल, तर गेल्या वर्षी एकोणपन्नास रोपे मेली, तोही खर्चच झाला की!

उरलेली अकरा झाडे मी परवा पाहून आले. त्यांतल्या आठांना बाभळीच्या काट्या लावून झाल्या आहेत; मावशींनी आणि मी मिळून लावल्या. तीन राहिली आहेत. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी जाणार आहोत. ज्यांना सवड असेल त्यांनी विळा घेऊन यावे.